चढावर उतरणारी विमानं

लुक्लाची धावपट्टी ५२७ मीटर लांब आहे. मुंबईच्या मुख्य धावपट्टीत अशा सहा सहज मावतील. शिवाय ती सपाट नाही. खालच्या टोकाला वीस मजली इमारत उभी केली, तर तिची गच्ची वरच्या टोकाच्या बरोबरीला येईल. वर डोंगराची भिंत, खाली दरी. विमानं चढावर उतरतात आणि उतारावरून उडतात. वारा कुठलाही असो, दिशा ठरलेली.

एव्हरेस्टच्या वाटेवरच्या या विमानतळाचे फोटो आपल्या ट्रेकर मंडळींनी भरपूर काढले आहेत. मला कित्येक वर्षं वेड आहे ते तिथल्या वैमानिकांचं. ‘जगातला सर्वांत धोकादायक विमानतळ’ म्हणून आपण मोकळे होतो आणि नेपाळमधल्या प्रत्येक अपघाताचं खापर हिमालयावर फोडतो. मला ते मुळीच पटत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. काठमांडूच्या गौचरच्या कुरणावर पहिलं विमान उतरलं १९४९ मध्ये, राष्ट्रीय विमान कंपनी आली १९५८ मध्ये. रस्त्याआधी विमान पोहोचलेला हा देश. हुमला-डोल्पासारख्या जिल्ह्यांत वर्षानुवर्षं तांदूळ आणि औषधं विमानानेच गेली.

लुक्लाची पट्टी एडमंड हिलरींनी १९६४ मध्ये शेर्पांच्या मदतीने बांधली. त्यांना हवी होती खालची सपाट शेतजमीन. शेतकऱ्यांनी ती दिली नाही, म्हणून हा उतार वाट्याला आला. माती दबावी म्हणून शेर्पांनी तिच्यावर नाच केला, असं सांगतात. डांबर पडलं थेट २००१ मध्ये. याच हिलरींची पत्नी लुईस आणि धाकटी मुलगी बेलिंडा १९७५ मध्ये काठमांडूहून फाफ्लूला जाताना विमान अपघातात गेल्या. हिलरी तेव्हा फाफ्लूत रुग्णालय बांधत होते. लुक्लाच्या पट्टीवर उभं राहिलं की मला हे हटकून आठवतं.

इथली उंची सुमारे २,८४५ मीटर. हवा विरळ, त्यामुळे इंजिनाची ताकद घटते आणि पुरेशी उचल मिळवायला विमानाला अधिक वेगाने यावं लागतं. दुपारकडे दरीतून वर चढणारा वारा उतरणाऱ्या विमानाच्या पाठीवर येतो, म्हणून सगळा कारभार सकाळचा. त्यात डोळ्यांची फसगत. चढती धावपट्टी समोर दिसली, की आपण फार उंचावर आहोत असं वैमानिकाला वाटतं आणि हात विमान खाली न्यायला बघतो. खाली तर कडा आहे. शेवटच्या टप्प्यात पुन्हा वर उठायची सोय नाही, कारण समोर डोंगर. ऑक्टोबर २००८ मध्ये धुक्यात एक ट्विन ऑटर विमान पट्टीच्या जरा अलीकडेच आदळलं. १८ जण गेले, वाचले एकटे कॅप्टन.

ट्विन ऑटर हे माझं सर्वांत लाडकं विमान. दोन टर्बोप्रॉप इंजिनं, न मिटणारी चाकं, एकोणीसेक माणसं. इंजिनांचे लिव्हर छतातून खाली आलेले असतात. उड्डाणाच्या वेळी दोन्ही वैमानिकांचे हात डोक्यावर, एकाचा हात दुसऱ्याच्या हातावर. मागे बसलेल्याला हे सगळं दिसतं. एअर होस्टेस लिमलेटच्या गोळ्या आणि कानात घालायला कापूस वाटते. त्या लहानशा केबिनमध्ये ती एकटीच असते, आणि अशा फेऱ्या तिला एका सकाळीच अनेक.

काठमांडूच्या एकुलत्या एक धावपट्टीवर गर्दी होते, म्हणून ऐन हंगामात लुक्लाची विमानं रामेछापजवळच्या मंथलीहून सुटतात. मध्यरात्रीनंतर जीपने निघायचं आणि उजाडताना तिथे पोहोचायचं. एकदा तिथे लख्ख ऊन पडलं होतं, तरी विमानं सुटेनात. आपल्याच बाजूचा एक गट काउंटरवर आवाज चढवत होता. तरुण कॅप्टन बाहेर आले आणि शांतपणे म्हणाले, की ऊन इथे आहे, खिंडीत नाही. तिथल्या वैमानिकांचं एक बोलणं प्रसिद्ध आहे: आम्ही ढगात शिरत नाही, कारण आमच्या ढगांत दगड असतात. ट्रेकला जाणाऱ्यांनो, हाताशी दोन दिवस जादा ठेवा. तुमच्या परतीच्या तिकिटाचं ओझं त्या कॅप्टनवर टाकू नका.

२९ मे २०२२ ला पोखऱ्याहून जोमसोमला निघालेलं ट्विन ऑटर डोंगरावर आदळलं. २२ जण गेले, त्यात ठाण्याचं चौघांचं कुटुंब होतं. अन्नपूर्णा आणि धवलगिरी यांच्या मधून जाणारी ही वाट. विमान नकळत ढगात गेलं आणि मार्ग चुकला, असं चौकशीत निघालं. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा दाबून ठेवलेली होती. अरुंद दरीत ती उठसूट ओरडते, पण तिची खरी गरज लागते ती नेमकी तिथेच. त्यानंतर नियम आला, की संपूर्ण मार्गावर हवामान चांगलं असेल तरच उड्डाण करायचं. तोवर उतरण्याच्या ठिकाणचं हवामान पुरेसं मानलं जाई! हे वाचलं तेव्हा मी फार संतापलो होतो.

१५ जानेवारी २०२३ ला पोखऱ्यात एटीआर विमान पडलं, ७२ जण गेले. फ्लॅपच्या लिव्हरऐवजी भलतेच लिव्हर हलवले गेले आणि दोन्ही पंख्यांचा जोर गेला. वैमानिकांची चूक म्हणून बातमी संपली. पण विमानतळ उघडून जेमतेम दोन आठवडे झाले होते. तिथे उतरण्याचं अपुरं प्रशिक्षण आणि कामाचा ताण यांकडेही अहवालाने बोट दाखवलं आहे, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं.

नेपाळचं नागरी उड्डयन प्राधिकरण विमानतळ चालवतं आणि सुरक्षेची तपासणीही तेच करतं. परीक्षार्थी तोच, परीक्षकही तोच. युरोपीय संघाने डिसेंबर २०१३ मध्ये नेपाळी कंपन्यांवर बंदी घातली, तेव्हापासून या दुहेरी भूमिकेवर बोट ठेवलं जातंय. विभागणीची विधेयकं आली आणि रखडली. ही विभागणी आधी व्हायला हवी. तिच्याबरोबर खिंडीखिंडीत कॅमेरे आणि स्वयंचलित हवामान केंद्रं हवीत, म्हणजे मंथलीत उभ्या असलेल्या कॅप्टनला पलीकडचा ढग उड्डाणाआधीच दिसेल.