मोस्त : एका खाणनगराचे स्थलांतर

चेक भाषेत 'मोस्त' म्हणजे पूल. उत्तर बोहेमियातील या नगरास हे नाव दलदलीतून जाणाऱ्या व्यापारी वाटेवरील पुलांवरून मिळाले. बाराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या कोस्मासच्या बखरीतही त्याचा उल्लेख आढळतो. पुढे ते राजाश्रित नगर झाले. १५१५ च्या आगीत जळालेल्या चर्चच्या जागी १५१७ पासून उत्तर-गॉथिक शैलीतील भव्य वास्तू उभी राहू लागली.

या भूमीखाली लिग्नाइट कोळशाचे थर आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे आली, खाणी वाढल्या आणि शेतीप्रधान खोऱ्याचे रूप पालटले. दुसऱ्या महायुद्धानंतर उघड्या खाणी विस्तारत खुद्द नगरापर्यंत पोहोचल्या. १९६४ मध्ये तत्कालीन समाजवादी शासनाने जुने नगर पाडून त्याखालील कोळसा काढण्याचा निर्णय घेतला. रहिवाशांसाठी जवळच नवे मोस्त बांधण्यात आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. जुन्या नगरात जर्मनभाषकांची संख्या मोठी होती आणि महायुद्धानंतर त्यांतील बहुतेकांना देशाबाहेर घालवण्यात आले. त्यांच्या जागी आलेल्यांचे या गल्ल्यांशी पिढ्यांचे नाते नव्हते. म्हणजे घरे पडण्यापूर्वीच त्यांची स्मृती सांभाळणारा समाज विखुरला होता. नगर पाडणे सुकर होण्यास ही परिस्थितीही कारणीभूत झाली असावी, असे म्हणता येते.

चर्च मात्र वाचवण्यात आले. १९७५ च्या शरद ऋतूत ती अखंड वास्तू रुळांवरून सुमारे ८४१ मीटर सरकवण्यात आली. ३० सप्टेंबरला निघालेली वास्तू २७ ऑक्टोबरला नव्या ठिकाणी पोहोचली. अभियांत्रिकीचा हा पराक्रम निःसंशय थोर होय. परंतु ज्या वस्तीने तिला अर्थ दिला होता, ती वस्ती मागेच राहिली. पाडल्या जाणाऱ्या घरांचे अवशेष काही युद्धपटांच्या चित्रीकरणासाठी उपयोगी पडले, एवढेच.

कोळसा संपल्यावर उरलेला खड्डा २००८ ते २०१४ या काळात पाण्याने भरण्यात आला. २०२० पासून तो जलाशय लोकांसाठी खुला आहे. जुन्या नगराच्या जागी आज पाणी आहे. नाव नव्या नगराकडे गेले आहे. स्थळ, नाव आणि स्मृती ही तिन्ही एकत्रच नांदतात असे आपण गृहीत धरतो. मोस्तचा इतिहास ते गृहीत तपासून पाहावयास लावतो. स्मारक उचलून नेता येते, शेजार नेता येत नाही.