घरांतील जुना फोन कोणाच्या हातीं द्यावा?

एकत्र कुटुंबांतील वस्तूंचा प्रवास बहुधा वरून खालीं होत असतो. आजोबांचें घड्याळ वडिलांच्या मनगटावर येतें, थोरल्याचीं पुस्तकें धाकट्याच्या दप्तरांत जातात, आणि आत्याचा शालू भाचीच्या लग्नांत पुन्हां पेटींतून बाहेर निघतो. या जुन्या रीतीस गेल्या दहापंधरा वर्षांत एक अपवाद उत्पन्न झाला आहे; तो म्हणजे स्मार्टफोन. हा जिन्नस उलट, म्हणजे खालून वर जातो. नातू नवा फोन घेतो, त्याचा जुना त्याच्या आईकडे जातो, आणि आईचा त्याहून जुना आजीकडे किंवा आजोबांकडे. "आबा, तुम्हांला काय लागतं? चार फोटो पाहायचे, दोन फोन करायचे. हा पुष्कळ झाला!" हें वाक्य ज्या घरांत कधींच उच्चारलें गेलें नाहीं असें घर सदाशिव पेठेपासून बेळगांवच्या टिळकवाडीपर्यंत शोधून सांपडेल कीं नाहीं, याची मला शंका आहे.

म्हणणाराच्या मनांत अनादर नसतो. असलीच तर काटकसर असते. परंतु या रीतीनें घरांतील सर्वांत दुबळें यंत्र घरांतील सर्वांत जोखमीच्या हातीं जातें, एवढें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

आजोबांच्या फोनमध्यें असतें तरी काय? निवृत्तिवेतन ज्या खात्यांत जमा होतें त्या बँकेचा निरोप याच फोनवर येतो. मुदतठेवींचे व्यवहार करतांना लागणारा गुप्त अंक, ज्यास सारें जग ओटीपी म्हणतें, तोहि येथेंच येतो. केंद्र सरकारनें १० नोव्हेंबर २०१४ रोजीं 'जीवन प्रमाण' ही योजना सुरू केली, आणि २०२१ च्या नोव्हेंबरापासून तर बोटाचा ठसाहि न देतां, फोनच्या कॅमेऱ्यास नुसता चेहरा दाखवून हयातीचा दाखला देण्याची सोय झाली. दर वर्षीं बँकेच्या जिन्यावर रांगेंत उभें राहून ज्यांनीं आपण जिवंत असल्याचें सिद्ध केलें आहे, त्यांस या सोयीचें मोल निराळें सांगावयास नको. मात्र ज्याच्या कॅमेऱ्याची कांच चरे पडून अंधुक झाली आहे, आणि ज्यांत नवें ॲप बसवावयास जागाच उरलेली नाहीं, अशा फोनपुढें वृद्धानें कितीहि वेळ चेहरा धरला तरी त्याच्या हयातीविषयीं यंत्राची खात्री पटत नाहीं! नातवाच्या खात्यांत महिनाअखेर जेमतेम चारशें रुपये असतात. आजोबांच्या खात्यांत जन्माची पुंजी असते. मग मजबूत कुलूप कोणाच्या दारास हवें?

कुलपाची उपमा मी उगीच योजलेली नाहीं. फोन दोन प्रकारें म्हातारा होतो. एक वार्धक्य देहाचें. तें डोळ्यांस दिसतें. बॅटरी टिकत नाहीं, कांच तडकते, चार्जर घट्ट बसत नाहीं. दुसरें वार्धक्य दिसत नाहीं, आणि तेंच अधिक घातक असतें. आयफोन सोडला तर आपल्याकडील बहुतेक सर्व फोन गूगलच्या अँड्रॉइड या प्रणालीवर चालतात. ही प्रणाली माणसांनींच लिहिलेली असल्यामुळें तींत दोष सांपडतात. सांपडलेल्या दोषांची यादी आणि त्यांवरील दुरुस्ती गूगल कंपनी २०१५ पासून नियमानें प्रसिद्ध करीत आली आहे. फोन बनविणाऱ्या कंपनीनें ती दुरुस्ती आपल्या फोनास जुळवून गिऱ्हाइकांकडे पाठवावयाची असते. यासच सुरक्षा अपडेट म्हणतात. आतां ही यादी सज्जन वाचतात, तशी चोरहि वाचतात. ज्या फोनास अपडेट मिळेनासें झालें, त्याची स्थिति अशी होते कीं, अमक्या घराच्या मागील दाराची कडी मोडली आहे हें वर्तमानपत्रांत छापून आलें, आणि घरमालकानें मात्र कडी बदलली नाहीं.

हें अपडेट किती वर्षें मिळणार, हें प्रत्येक फोनाच्या बाबतींत ठरलेलें असतें. गूगलनें ऑक्टोबर २०२३ मध्यें पिक्सेल ८ या फोनास सात वर्षांचें वचन दिलें, आणि सॅमसंगनें जानेवारी २०२४ मध्यें गॅलेक्सी एस २४ या मालिकेस तेंच वचन दिलें. हे फोन महाग आहेत हें खरें. पण त्याच वर्षीं आलेल्या गॅलेक्सी ए १६ या साध्या किंमतीच्या फोनासहि सहा वर्षांची हमी मिळाली. म्हणजे दीर्घायुष्य केवळ श्रीमंतांसाठींच राखून ठेवलेलें आहे असें नाहीं. तरीहि हलक्या किंमतीच्या पुष्कळ फोनांस दोन ते चार वर्षांवरच समाधान मानावें लागतें. आणि येथेंच एक मेख आहे, ती गृहिणींनीं विशेष ध्यानांत ठेवावी. हीं वर्षें आपण फोन विकत घेतला त्या दिवसापासून मोजीत नाहींत, तर तें मॉडेल बाजारांत प्रथम आलें त्या दिवसापासून मोजतात. शाळेंतील त्रैराशिकाप्रमाणें मांडून पाहूं. समजा, एक फोन जानेवारी २०२२ मध्यें बाजारांत आला व त्यास चार वर्षांचें अपडेट आहे. नातवानें तो २०२३ च्या दिवाळींत सवलतीनें घेतला, दोन वर्षें वापरला, आणि २०२५ च्या दिवाळींत पाडव्याची ओवाळणी म्हणून आजीच्या हातीं ठेवला. आजीच्या वाट्यास संरक्षणाचे महिने आले तीन!

जुन्या फोनाची परीक्षा करण्यास फार विद्या लागत नाहीं. भात शिजला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं एकच शीत चेपून पाहतात. आमचे शास्त्री यास स्थालीपुलाकन्याय म्हणत. त्याच न्यायानें फोनच्या 'सेटिंग्ज'मध्यें जाऊन 'फोनविषयीं' या सदराखालीं, किंवा कांहीं फोनांत 'सुरक्षा' या सदराखालीं, शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख पाहावी. ती दोनचार महिन्यांपूर्वींची असेल तर ठीक. वर्षापूर्वींची असेल, आणि नवें अपडेट शोधूनहि 'आपला फोन अद्ययावत आहे' असेंच उत्तर येत असेल, तर त्या फोनावर बँकेचा व्यवहार ठेवूं नये. 'अद्ययावत' या शब्दाचा असा दुरुपयोग कोणा विद्यार्थ्यानें निबंधांत केला असता तर मीं त्याचे दोन गुण कापले असते.

दुकानांत मात्र या तारखेविषयीं कोणी बोलत नाहीं. एका दुकानांत मीं मुद्दाम विचारलें, "यास अपडेट किती वर्षं मिळेल?" तो तरुण विक्रेता हंसून म्हणाला, "ते येत राहतं हो, काका! हे बघा, एकशेंआठ मेगापिक्सेल!" खोक्यावर ठळक अक्षरांत जे अंक छापलेले असतात, ते विकण्यासाठीं असतात; वापरण्याच्या दृष्टीनें त्यांचा अर्थ निराळा लावावा लागतो.

मेगापिक्सेल म्हणजे चित्रांतील दहा लाख ठिपके. पन्नास मेगापिक्सेल म्हणजे पांच कोटि ठिपके झाले. पण हे ठिपके ज्या पटलावर उमटतात तें पटल बोटाच्या नखाहून फारसें मोठें नसतें. तेवढ्या जागेंत पांच कोटि घरें पाडलीं, तर प्रत्येक घरांत प्रकाश कितीसा शिरणार? म्हणून फोन स्वतःच चार चार ठिपके एकत्र करून बहुधा साडेबारा मेगापिक्सेलचेंच चित्र काढतो. तेव्हां अंकापेक्षां पटलाचा आकार अधिक महत्त्वाचा. त्याहूनहि वृद्धांच्या उपयोगाचा एक गुण आहे. त्याचें नांव ओआयएस. यांत भिंगाची बैठक हाताच्या कंपाच्या उलट दिशेनें हलते व चित्र स्थिर येतें. औषधाच्या पाकिटावरील बारीक अक्षरें फोटो काढून मोठीं करून वाचणें, हा आमच्या वयाच्या मंडळींचा कॅमेऱ्याचा मुख्य उपयोग; आणि थरथरणाऱ्या हातास ही सोय चष्म्याइतकीच उपकारक होते. उलट स्वस्त फोनांच्या पाठीवर दोन मेगापिक्सेलचीं जीं जादा भिंगें लावलेलीं असतात, तीं अजागलस्तनाप्रमाणें केवळ शोभेचीं समजावीं.

रॅम आणि स्टोरेज या दोन शब्दांचा घोटाळा सुशिक्षितांतहि होतो. स्वयंपाकघरांतील ओटा म्हणजे रॅम, आणि कोठीची खोली म्हणजे स्टोरेज. ओटा लहान असेल तर एक पातेलें उतरविल्यावांचून दुसरें ठेवतां येत नाहीं. तसें एक ॲप उघडतांच दुसरें मिटतें. कोठी भरली कीं नवें धान्य ठेवावयास जागा राहात नाहीं. तेथें नवें अपडेटहि बसत नाहीं. आजकाल 'आठ अधिक आठ जीबी रॅम' अशी जाहिरात करतात, त्यांतील दुसरे आठ म्हणजे कोठीचाच एक कोपरा ओटा म्हणून मोजलेला असतो. तेथें काम संथ चालतें. आणि कोठी भरते कशानें, हें निराळें सांगावयास नको. नातलगांकडून रोज येणारीं सुप्रभातें, सणावारांचीं हलतीं चित्रें आणि तींच परत पाठविलेलीं चित्रें! आजोबांना मोठ्या साठवणीचें काय काम, असें म्हणणाऱ्यांनीं एकदां त्यांच्या व्हॉट्सॲपचें ओझें मोजून पाहावें. एकशेंअठ्ठावीस जीबीहून कमी घेऊं नये, असें माझें मत आहे.

बॅटरीविषयीं जरा सविस्तर लिहितों, कारण जुन्या फोनांत प्रथम तीच दगा देते. लिथियमची बॅटरी प्रत्येक भरण्यागणिक थोडी थोडी झिजते. शंभर टक्के भार वापरला गेला म्हणजे एक चक्र झालें. दोन दिवस निम्मा निम्मा वापरला तरी एकच चक्र. ॲपल कंपनीच्या सांगण्याप्रमाणें आयफोन १४ पर्यंतच्या फोनांची बॅटरी पांचशें चक्रांनंतर मूळ शक्तीच्या ऐंशीं टक्के राहते, आणि आयफोन १५ पासून हजार चक्रांनंतर. रोज एक चक्र धरल्यास पांचशें चक्रें दीड वर्षाच्या आंतच संपतात. नातवानें त्यावर खेळ खेळून फोन रोज तापविला असेल, तर उष्णतेमुळें ही झीज अधिक वेगानें होते. अशा फोनाची बॅटरी दुपारींच संपते; आणि नेमक्या त्याच वेळीं आजी एकटी देवळांत किंवा दवाखान्यांत असते. फोनाची पाठ फुगलेली दिसली तर तो चार्जिंगला लावूं नये, दाबूं नये. सरळ दुरुस्तीच्या अधिकृत केंद्रांत न्यावा. उशीखालीं ठेवून चार्ज करण्याची खोड तर घरांतील सर्वांनींच सोडावी.

पडदा उन्हांत वाचतां येतो कीं नाहीं, हें दुकानाच्या दारांत उभें राहून पाहावें. एकशेंवीस हर्ट्‌झची चपळाई आमच्या वयास नसली तरी चालते. आवाज मोठा व स्पष्ट हवा. कानांत यंत्र वापरणाऱ्यांनीं तें यंत्र त्या फोनाशीं जुळतें कीं नाहीं, हें आधींच विचारून घ्यावें. मराठींत बोलून लिहिण्याची सोय गूगलनें २०१७ मध्यें केली. ज्यांचीं बोटें किल्ल्यांवर अडखळतात त्यांनीं ती अवश्य शिकावी. जोडाक्षरें ती बरीं लिहिते. अनुस्वारांविषयीं मात्र माझी तक्रार आहे.

परदेशांतील मुलगा किंवा पुतण्या येतांना फोन घेऊन येतो, त्याविषयीं एक सूचना. अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ व त्यापुढील फोनांत सिमकार्ड घालावयास खांचच नसते; तेथें ई-सिम घ्यावें लागतें. प्रेमानें आणलेली वस्तु आणि महिनाभर ती कपाटांतच, असा प्रकार मीं पाहिला आहे. घरांत जुना फोन विकत घेण्याचा बेत असेल तर *#०६# हे आंकडे दाबून येणारा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक पाहावा, आणि केवायएम अशीं इंग्रजी अक्षरें, मग थोडी जागा सोडून तो क्रमांक, असा निरोप १४४२२ वर पाठवावा. तो क्रमांक चोरीस गेलेल्या किंवा बंद केलेल्या फोनाचा असेल तर तसें समजतें.

नव्या फोनानें फसवणूक टळते, असें मात्र कोणी समजूं नये. पोलिसाचा वेष घालून पडद्यावर धाक दाखविणारा भामटा कडी तोडून आंत येत नाहीं. तो आपल्याच तोंडून ओटीपी वदवून घेतो. 'डिजिटल अटक' असा प्रकार कायद्यांत नाहीं. पैसे गेलेच तर सकाळची वाट न पाहतां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. बोलण्यांत फसणें हा एक धोका आणि न दुरुस्त केलेला फोन हा दुसरा. पहिला समजावून कमी करतां येतो, दुसरा योग्य वस्तु घेऊन.

कांहीं वृद्ध स्वतःच म्हणतात, "मला नको रे नवा, हा हाताचा झालाय." या बोलण्यांत भिडेचा भाग थोडा आणि पुन्हां शिकण्याच्या कंटाळ्याचा भाग मोठा असतो. पण पाहा, उतरलेला फोन दर दोन वर्षांनीं बदलतो, आणि दर वेळीं बटणांच्या जागा नव्यानें पाठ कराव्या लागतात. अडुसष्टाव्या वर्षीं सात वर्षांचा नुकताच बाजारांत आलेला फोन घेतला, तर पंचाहत्तरीपर्यंत तोच हातीं राहील. घरांत नवा फोन घ्यावयाचाच असेल, तर क्रम बदलून पाहावा: नवा आजोबांस, आणि नातवाचा त्याच्याकडेच राहूं द्यावा.

नवा आणल्यावर एखाद्या रविवारीं नातवानें तासभर आजोबांजवळ बसावें. भाषा मराठी करावी, अक्षरांचा आकार वाढवावा, जुन्या फोनांतील फोटो व नंबर नव्यांत आणावेत, आणि बँकेचें ॲप नव्या फोनांत चालूं लागल्याची खात्री झाल्यावरच जुन्यांतून तें काढावें. पुढें जुन्या फोनांतील गूगलचें खातें काढून टाकावें व 'फॅक्टरी रिसेट' करून तो कोरा करावा. सिमकार्डावांचून, घरच्या वाय-फायवर, तो स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवला तर त्यावर आकाशवाणी ऐकतां येते, आणि कुकरच्या शिट्ट्यांनंतरची दहा मिनिटेंहि तो बिनचूक मोजतो.