टेकड्यांचे आरक्षण : पुणे महानगरपालिकेच्या एका ठरावाचा विचार

नगरसभेने एखादी टेकडी राखून ठेवण्याचा ठराव संमत केला म्हणजे ती टेकडी राखली गेली, असा समज सर्वसामान्य नागरिकांतच नव्हे, तर नगरशासनाच्या अभ्यासकांतही आढळून येतो. वस्तुतः अशा ठरावाने एका दीर्घ कायदेशीर व्यवहारास केवळ प्रारंभ होतो. हा व्यवहार कोठे जाऊन थांबेल हे सभागृहातील मतांवर फारसे अवलंबून नसते. राखावयाच्या जमिनीस आराखड्यात कोणते कायदेशीर रूप देण्यात आले, आणि तिच्या मालकास मोबदला कोणी, कशाच्या रूपाने द्यावयाचा, या दोन प्रश्नांवर ते ठरते. पुणे महानगरपालिकेने जैवविविधता उद्यानासाठी राखलेल्या ९७८ हेक्टर टेकड्यांच्या उदाहरणावरून ही गोष्ट स्पष्ट करण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम भूमीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. पुणे शहर बेसाल्ट खडकाच्या टेकड्यांनी तीन बाजूंनी वेढलेले आहे. पर्वती, तळजाई, वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, चतुःशृंगी या टेकड्या जुन्या वस्तीच्या लगत. बावधन, वारजे, बाणेर, पाषाण व कात्रज येथील रांगा त्यांच्या पलीकडे. माथ्यावरील मातीचा थर बहुधा पातळ असतो. त्यावर गवत, काटेरी झुडपे आणि विरळ वृक्ष असा मूळचा वनस्पतिसमूह वाढतो. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून व सच्छिद्र थरांतून खाली मुरते आणि उरलेले ओढ्यांना मिळते. पुण्याचे वार्षिक पर्जन्यमान स्थूलमानाने ७०० मिलिमीटर धरले, तर एक हेक्टर भूमीवर वर्षाकाठी ७,००० घनमीटर पाणी पडते. त्या हिशेबाने ९७८ हेक्टरांवर पडणारे पाणी सुमारे ६८ लाख घनमीटर, म्हणजे पाव अब्ज घनफुटांच्या जवळपास भरते. हे पाणी सावकाश मुरावे की एका तासात रस्त्यावर यावे, हा टेकडीच्या प्रश्नाचा गाभा आहे. सौंदर्य व शुद्ध हवा यांचा उल्लेख सभागृहातील भाषणांत अधिक होतो. पण हिशेब मांडावयाचा तर तो पाण्याचा मांडावा लागेल.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरातून उगम पावणाऱ्या आंबील ओढ्यास आलेल्या पुरात झालेली हानी पुणेकरांच्या स्मरणात आहे. त्या अतिवृष्टीत शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. त्या पुराचे सारे कारण टेकड्यांवरील बांधकामात शोधणे अशास्त्रीय होईल, कारण ओढ्याच्या पात्राचा झालेला संकोच आणि त्या रात्रीच्या पावसाचा जोर ही कारणेही तितकीच बलवत्तर होती. तथापि उतारावरची भूमी कापली, सपाट केली व काँक्रीटने झाकली म्हणजे ओढ्यात पाणी लवकर व अधिक येते, याविषयी मतभेद नाही. याच ओढ्याचा प्रवाह अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी वळविला आणि कात्रजच्या तलावाचे पाणी नळांनी शहरात आणले. डोंगर, तलाव आणि ओढा ही एकच व्यवस्था आहे, याची जाणीव त्या काळच्या योजनेत दिसते. पुढील काळात महसूल, पाणीपुरवठा, उद्याने व बांधकाम परवानगी अशी खाती वेगळी झाली आणि व्यवस्थेचेही तुकडे पडले.

आता कायद्याकडे वळू. राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने बारावी अनुसूची अस्तित्वात आली. तीत नगरनियोजनाचा विषय आरंभीच दिलेला असून नागरी वनीकरण व पर्यावरणाचे रक्षण हा विषयही त्याच अनुसूचीत आहे. बांधावयाचे कोठे आणि बांधावयाचे नाही कोठे, हे दोन्ही प्रश्न एकाच संस्थेपुढे यावेत, अशी ही कल्पना दिसते. प्रत्यक्ष अधिकार मात्र महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यानुसार चालतात. महापालिकेने प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध करावयाचा, हरकती व सूचना मागवावयाच्या, नियोजन समितीने त्या ऐकावयाच्या, मुख्य सभेने निर्णय घ्यावयाचा आणि अखेर राज्य शासनाने मंजुरी द्यावयाची, असा हा क्रम आहे. मंजुरी देताना शासन आराखड्यात फेरबदलही करू शकते. त्याअर्थी मुख्य सभेचा ठराव हा स्वरूपाने शिफारशीहून थोडा अधिक आणि निर्णयाहून बराच कमी असतो. मुदतीत काम न झाल्यास तेही शासन काढून घेऊ शकते. मार्च २०१५ मध्ये पुण्याच्या जुन्या हद्दीचा सुधारित आराखडा अशाच रीतीने महापालिकेकडून विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील त्रिसदस्य समितीकडे गेला व जानेवारी २०१७ मध्ये त्यास मंजुरी मिळाली.

टेकड्यांच्या बाबतीत या अधिनियमाने नियोजनकाराच्या हाती दोन साधने दिली आहेत, आणि त्यांतील भेद विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावा. पहिले साधन विभागाचे. आराखड्यात एखादा प्रदेश ‘डोंगरमाथा-डोंगरउतार विभाग’ म्हणून दाखविला, की तेथील भूमीच्या वापरावर निर्बंध येतात. परंतु मालकी मालकाकडेच राहते, शासनास किंवा महापालिकेस ती भूमी विकत घ्यावी लागत नाही आणि मोबदल्याचा प्रश्न सहसा उद्भवत नाही. पुण्याच्या १९८७ च्या आराखड्यात जुन्या हद्दीतील टेकड्यांना लावलेले साधन हेच. दुसरे साधन आरक्षणाचे. येथे भूमी विशिष्ट सार्वजनिक प्रयोजनासाठी राखली जाते, ती संपादन करण्याचे दायित्व महापालिकेवर येते आणि त्या दायित्वास मुदत असते. विभाग फुकट मिळतो, पण त्याचे रक्षण करणारे परवानगी नाकारण्याच्या अधिकारापलीकडे काहीच नसते; आरक्षणात रक्षणाचे आश्वासन पुरे असते, पण त्याची किंमत चुकवावी लागते.

१९९७ मध्ये पुण्याच्या हद्दीत मोठ्या संख्येने गावे समाविष्ट करण्यात आली. पुढे त्यांतील काही वगळण्यात येऊन २३ गावे उरली. या गावांच्या प्रारूप आराखड्यात टेकड्यांना कोणते रूप द्यावयाचे यावर बराच वाद झाला. माजी महापौर वंदना चव्हाण यांच्या पुढाकाराने नागरिकांची चळवळ उभी राहिली, स्वाक्षऱ्यांची मोहीम झाली, तज्ज्ञांनी निवेदने दिली. मर्यादित बांधकामास मुभा द्यावी, म्हणजे मालकही संतुष्ट राहतील आणि टेकडीही बव्हंशी मोकळी राहील, असा एक पक्ष होता. एकदा रस्ता, पाणी व वीज टेकडीवर चढली की टक्केवारीचा निर्बंध कागदावरच राहतो, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे होते. प्रस्तुत लेखकास दुसरा पक्ष अधिक व्यवहारज्ञ वाटतो. उतारावर चार टक्के घरे बांधावयाची तर त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांसाठी कितीतरी अधिक उतार कापावा लागतो. २००५ मध्ये मुख्य सभेने बांधकामविरहित अशा जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाच्या बाजूने कौल दिला. महापालिकेच्या इतिहासात हा ठराव धैर्याचा गणला पाहिजे, कारण राखलेली भूमी बहुतांश खाजगी मालकीची होती आणि तिच्या मालकांत मतदार शेतकरी होते, तसेच गुंठ्या-दोन गुंठ्यांचे तुकडे आयुष्याच्या शिलकीतून घेतलेले सामान्य नोकरदारही होते.

या ठरावास मान्यता मिळण्यास दहा वर्षे लागली. शासनाने आराखड्याच्या इतर भागांस टप्प्याटप्प्याने मंजुरी दिली, पण टेकड्यांचा निर्णय राखून ठेवला आणि ऑगस्ट २०१५ मध्ये आरक्षण कायम केले. मधल्या काळात ती भूमी ना मालकाच्या उपयोगाची होती ना नगराच्या. अशा अनिश्चिततेत अनधिकृत बांधकामे वाढतात हा सर्वत्रचा अनुभव आहे, कारण ज्या भूमीस परवानगी मिळण्याची आशा नाही आणि जिच्या मोबदल्याचीही शाश्वती नाही, ती तुकडे पाडून विकणे हाच मालकास मोकळा दिसणारा मार्ग उरतो.

निर्णयाची दुसरी बाजू मोबदल्याची. आरक्षित भूमी संपादण्याचे तीन मार्ग अधिनियमाच्या कलम १२६ मध्ये दिलेले आहेत: सहमतीने रोख रक्कम देऊन खरेदी, विकासहक्क हस्तांतरण, आणि भूसंपादन कायद्याखाली सक्तीचे संपादन. विकासहक्क हस्तांतरण म्हणजे ज्यास बोलीभाषेत ‘टीडीआर’ म्हणतात ते. मालकाने भूमी विनामूल्य महापालिकेस द्यावयाची आणि तिच्या बदल्यात मिळालेले बांधकामाचे हक्क अन्यत्र वापरावयाचे किंवा विकावयाचे. जैवविविधता उद्यानासाठी या हक्काचे प्रमाण भूमीच्या आठ टक्के ठरविण्यात आले. याउलट जानेवारी २०१६ च्या नियमांनुसार इतर सामान्य आरक्षणांसाठी, दाट वस्तीबाहेर, ते भूमीच्या दुप्पट आहे. आकडे मांडून पाहावे. सपाटीवर उद्यानासाठी एक हेक्टर देणाऱ्यास २०,००० चौरस मीटरांचे हक्क मिळतात, टेकडीवर तेवढीच भूमी देणाऱ्यास ८०० चौरस मीटरांचे. एका गुंठ्याच्या मालकाच्या पदरी जेमतेम आठ चौरस मीटर पडतात; एक लहानशी खोली म्हणा.

या विषमतेचे समर्थन अगदीच करता येत नाही असे नाही. तीव्र उतारावर, म्हणजे पाचास एक याहून अधिक चढणीवर, बांधकाम नियमानेच निषिद्ध असते. ज्या भूमीवर बांधताच येत नव्हते तिचे मूल्य बांधता येणाऱ्या भूमीइतके कसे धरावे, असा तो युक्तिवाद आहे, आणि तो तर्कदृष्ट्या बळकट आहे. परंतु आरक्षणाच्या रेषेत सर्वच भूमी इतक्या चढणीची नाही. माथ्यावरची पठारे व पायथ्याचे सौम्य उतारही त्यात आहेत, आणि सर्वांस एकच दर आहे. शिवाय हक्काचे हस्तांतरण मालकाच्या संमतीवाचून होत नाही. मालकाने ते नाकारले तर सक्तीचे संपादन उरते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार नागरी भागात बाजारभाव आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे बाजारभावाच्या दुप्पट किंमत मोजावी लागते. एका बाजूस आठ टक्के हक्क आणि दुसऱ्या बाजूस दुप्पट रोख रक्कम असा पर्याय समोर असता मालक पहिल्यास राजी का होईल, आणि महापालिका दुसऱ्यास समर्थ कशी होईल, हे कोडे धोरण आखणाऱ्यांनी सोडविल्याचे दिसत नाही.

येथे कलम १२७ चा विचार अपरिहार्य ठरतो. आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित भूमी संपादन झाली नाही, तर मालकास महापालिकेवर सूचना बजावता येते. सूचनेनंतर विहित काळात संपादन झाले नाही किंवा त्याची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. हा काळ पूर्वी सहा महिन्यांचा होता. २००९ मध्ये तो बारा महिन्यांचा व २०१५ मध्ये चोवीस महिन्यांचा करण्यात आला. ‘पावले’ या शब्दाचा अर्थही न्यायालयाने शिथिल ठेवलेला नाही. गिरनार ट्रेडर्स प्रकरणी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने असे म्हटले, की संपादनाचा प्रस्ताव किंवा पत्रव्यवहार पुरेसा नाही. कायद्याने अभिप्रेत असलेली प्रत्यक्ष कृती घडावयास हवी. २०१५ च्या मंजुरीपासून मोजता टेकड्यांच्या आरक्षणाची दहा वर्षे २०२५ च्या सुमारास पुरी होतात. म्हणजे सभागृहाने २००५ मध्ये केलेले रक्षण यापुढे एकेका सातबाऱ्याच्या उताऱ्यागणिक, एकेका सूचनेगणिक कसोटीस लागणार आहे. आणि कसोटीचा काळ जवळ येत असता सभागृहच नव्हते: मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर काही वर्षे महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती होता.

आरक्षण सोडून देऊन याच टेकड्यांना डोंगरमाथा-डोंगरउतार विभागाचे रूप द्यावे, म्हणजे मुदतीचा व मोबदल्याचा प्रश्नच मिटेल, अशी सूचना कधीकधी पुढे येते. ती दिसते तितकी सोपी नाही. पुण्याच्याच सॅलिसबरी पार्क भागातील एका भूखंडाविषयी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिलेल्या निर्णयात असे तत्त्व सांगितले आहे, की नागरी सोयीसाठी खाजगी भूमी आराखड्यात दाखविण्यास हरकत नाही, पण ती संपादन केल्यावाचून मालकास तिच्या उपयोगापासून वंचित ठेवता येणार नाही. तो भूखंड सपाटीवरचा, बागेसाठी दाखविलेला होता. टेकडीच्या उतारावरील निर्बंध पूरनिवारण व सुरक्षितता या कारणांनी घातला तर तो या तत्त्वाबाहेर राहील काय, आणि एकदा सार्वजनिक उद्यानासाठी राखलेली भूमी पुन्हा केवळ विभाग म्हणून दाखविल्यास न्यायालय तो बदल प्रामाणिक मानील काय, या प्रश्नांवर नगररचना व विधी या दोन्ही शाखांच्या विद्यार्थ्यांना करण्याजोगे पुष्कळ काम आहे.

जाता जाता एक उपेक्षित बाजू नोंदवितो. आरक्षणाचे नाव जैवविविधता उद्यान असे असले, तरी कायद्यास दिसते ती केवळ बांधकामाविना भूमी. पुण्याच्या अनेक टेकड्यांवर पूर्वीच्या वनीकरणातून लावलेल्या गिरिपुष्पाची, म्हणजे ग्लिरिसिडियाची, दाट झाडी आहे. ती हिरवी दिसते, परंतु तिच्याखाली मूळचे गवत व पावसाळी रानफुले फारशी तग धरीत नाहीत. संपादन केलेल्या टेकडीवर उद्यानखात्याने कारंजी, पदपथ व परदेशी झाडे आणली, तर आरक्षणाचा भंग होणार नाही, आणि नावात जी जैवविविधता आहे तिचा मात्र लोप होईल. कोणत्या टेकडीवर काय राखावयाचे याची वनस्पतिशास्त्रज्ञांकडून केलेली, सर्व्हे क्रमांकांशी जोडलेली यादी संपादनाच्या प्रस्तावासोबतच तयार असावयास हवी; मोजणी अधिकाऱ्यांच्या नकाशात गवतासाठी रकाना नसतो.