फट दिसली म्हणून गाडी घालायची का?

मिरचीचा तोडा सुरू झाला की धावड्याच्या रस्त्याला वेगळीच कळा येते. अजिंठा-बुलढाणा रस्त्यावरचं हे भोकरदन तालुक्यातलं गाव. धावडा, वालसावंगी, पिंपळगाव रेणुकाई हा सगळा मिरचीचा पट्टा. पोती भरलेले पिकअप, माल भरायला आलेले ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, बैलगाड्या, एस.टी., काळी-पिवळी जीप असं सगळं एकाच वेळी रस्त्यावर येतं आणि वाहतूक मुंगीच्या चालीनं सरकू लागते. या सगळ्यांच्या मधून वाट काढत जातात त्या मोटारसायकली. कुणी दुधाच्या कॅन्या लावलेला, कुणी पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला, कुणी बायको-लेकराला बसवून निघालेला. मागचा म्हणतो, "थांब जरा." पुढचा म्हणतो, "बसंल की गाडी, काय व्हतंय?" आणि हँडल वळवून फटीत घुसतो.

वाचकहो, तुम्हीही हे रोज पाहता. कदाचित रोज करताही. म्हणून प्रश्न सरळच विचारतो. वाहतूक हळू चालली असेल तर मोटारसायकलवाल्यानं दोन वाहनांच्या मधून गाडी काढावी की नाही?

बाहेरच्या देशांत काय चालतं?

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात मोटारसायकली गाड्यांच्या रांगांमधून पूर्वीपासून जात. २०१६ साली तिथे त्यासाठी कायदा झाला. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यानं जुलै २०१४ पासून परवानगी दिली, पण अटी घालून. वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर नको, शाळेजवळच्या पट्ट्यात नको, उभ्या केलेल्या गाड्यांना लागून नको. फ्रान्सनं २०१६ पासून काही भागांत प्रयोग करून पाहिले आणि जानेवारी २०२५ पासून ठरावीक रस्त्यांवर देशभर मोकळीक दिली.

२०१५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या अभ्यासकांनी मोटारसायकलींचे सुमारे सहा हजार अपघात तपासले. त्यात दोन्ही बाजू दिसल्या. रांगांमधून जाणाऱ्यांना मागून धडक बसण्याचं प्रमाण शेकडा २.६ होतं, इतरांना ४.६. म्हणजे रांगेत उभं राहून मागच्या गाडीचा धक्का खाण्यापेक्षा मधून जाणं एका परीनं बरं. पण आपणच पुढच्याला जाऊन धडकण्याचं प्रमाण रांगांमधून जाणाऱ्यांत शेकडा ३८ होतं, इतरांत जेमतेम १६. त्यांचा निष्कर्ष असा की, वाहतुकीचा वेग कमी असेल आणि मोटारसायकल तिच्यापेक्षा ताशी २४ किलोमीटरहून जास्त वेगानं जात नसेल, तर धोका आटोक्यात राहतो.

हे वाचून कुणी म्हणेल, "बघा, अमेरिकेत चालतं, मग आपण काय घोडं मारलं?" तर थोडं थांबा. तिथल्या रस्त्यावर पट्टे आखलेले असतात. दोन्ही रांगा एकाच दिशेनं जातात. मधली फट सरळ असते आणि समोरून कुणी येत नसतं. आपल्या रस्त्याला पट्टा कुठला? ट्रॅक्टरच्या उजवीकडे दिसते ती फट नाही, ती समोरून येणाऱ्या ट्रकची जागा आहे. आणि डावीकडे दिसते ती साईडपट्टी. तिथे डांबराची कड वीतभर उंच, खाली काळी माती. पावसाचे दोन थेंब पडले की चाक सरकलंच म्हणून समजा.

ट्रॉली आत घेते

सगळ्यांत जास्त जपायचं ते ट्रॅक्टर-ट्रॉलीपासून. शेतकऱ्याला हे सांगायला नको, पण मोटारसायकलीवर बसलं की तोही विसरतो. ट्रॅक्टर वळतो तेव्हा ट्रॉलीची चाकं ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाहीत, ती आत घेतात. मागे दोन ट्रॉल्या असतील तर शेवटची आणखी आत येते. डावीकडे शेताच्या वाटेला वळणाऱ्या ट्रॅक्टरच्या डाव्या अंगाला तुम्ही असलात, तर तुमची जागा बघता बघता संपते. ट्रॅक्टरवाल्याला ते कळतही नाही. इंजिनाचा आवाज, वरून टेपरेकॉर्डर, आणि ट्रॉलीत कडबा किंवा ऊस भरला असेल तर मागचं काहीच दिसत नाही. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवाही नसतो.

बैलगाडीचं निराळंच. बैल हॉर्नला बुजतात. कासरा ओढेपर्यंत जू दोन हात बाजूला गेलेलं असतं. एस.टी.च्या डावीकडून जाल तर दार उघडून कोण खाली उतरेल याचा नेम नाही. म्हातारी माणसं उतरताना पायरीकडे बघतात, तुमच्याकडे नाही.

आणखी एक. हँडल बसलं म्हणजे गाडी बसली असं नसतं. दुधाच्या कॅन्या, मिरचीची पोती, खताच्या गोण्या हँडलच्याही बाहेर येतात. फटीत पुढचं निघतं आणि मागचं अडकतं. मग गाडी आडवी होते ती शेजारच्याच चाकाखाली.

तीन मिनिटांचा हिशेब

आता वेळ किती वाचतो ते बघू. समजा, ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरनं चालला आहे आणि तुम्ही दोन किलोमीटर त्याच्या मागे राहिलात. सहा मिनिटं लागतील. ओलांडून ताशी ४० नं गेलात तर तीन. म्हणजे वाचली ती तीन मिनिटं.

ओलांडायला किती जागा लागते? ट्रॅक्टर २० नं आणि तुम्ही ३५ नं असाल, तर ट्रॉलीसकट तो मागे टाकायला पाचेक सेकंद जातात. तेवढ्यात तुम्ही पन्नास मीटर पुढे जाता आणि समोरून ताशी ६० नं येणारा ट्रक ऐंशीवर मीटर जवळ येतो. दोन्ही मिळून सव्वाशे ते दीडशे मीटर झाले. विजेच्या तीन-चार खांबांइतका रस्ता समोर मोकळा दिसला पाहिजे. वळणावर किंवा चढावर तो कधीच दिसत नाही.

देशभरात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. शंभरातली चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. हेल्मेट नसलेली पन्नास हजारांच्या वर.

कायदा कुणाच्या बाजूनं?

मोटारसायकलवाल्यानं दोन रांगांच्या मधून जावं, अशी खास मोकळीक आपल्या नियमांत कुठे दिलेली नाही. ओलांडायचं ते उजवीकडून, हा जुना नियम. पुढचा उजवीकडे वळण्याची खूण करून रस्त्याच्या मध्याला गेला असेल, अशा मोजक्या वेळीच डावीकडून जाता येतं. १९८९ चे रस्त्याचे नियम जाऊन २०१७ साली नवे आले, तरी हे तत्त्व कायम आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात नियमाविरुद्ध ओलांडणं हे धोकादायक वाहन चालवण्यात धरलं आहे. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही.

पण दंड ही लहान गोष्ट. मोठी गोष्ट पुढे येते, आणि ती गावात फार थोड्यांना माहीत असते. अपघातानंतर घरची माणसं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागतात. तिथे पहिला प्रश्न येतो तो चूक कुणाची. मोटारसायकलवाला डावीकडून घुसला होता असं पंचनाम्यातून आणि साक्षीतून दिसलं, तर त्याच्या चुकीचा वाटा ठरवून तेवढी रक्कम कापली जाते. दहा लाखांचा दावा मंजूर झाला आणि निम्मी चूक मृताची ठरली, तर घरी पाचच लाख येतात. कमावता माणूस गेला, वर सोसायटीचं कर्ज तसंच, आणि भरपाईही अर्धी. तीन मिनिटांसाठी एवढं गहाण टाकायचं का, याचा विचार ज्याचा त्यानं करावा.

मग करायचं काय?

तर आमचं म्हणणं असं. सगळी वाहतूक पूर्ण थांबलेली असेल, रेल्वे फाटकावर, बाजारात किंवा मोर्च्यात, तर माणूस चालतो तेवढ्याच वेगानं, दोन्ही पाय टेकायला तयार ठेवून पुढे सरकायला हरकत नसावी. उन्हात इंजिन तापवत मागे उभं राहून मागच्या ट्रकच्या तोंडी बसण्यात शहाणपण नाही. पण नियमानं तशी मोकळीक दिलेली नाही हे डोक्यात ठेवा. पोलीस उभा असेल आणि थांब म्हणाला तर थांबायचं. आणि पुढची रांग हलली की आपण आहोत तिथेच रांगेत शिरायचं.

वाहतूक चालती असेल, मग ती कितीही हळू असो, तर फटीत शिरायचं नाही. ट्रॅक्टर-ट्रॉली, ट्रक आणि एस.टी. यांच्या डाव्या अंगाला तर थांबलेल्या वेळीही जायचं नाही. मागे बायको-लेकरं असतील, कॅन्या किंवा पोती असतील, तर थांबलेल्या रांगेतही आपली जागा सोडायची नाही. अंगारकीला राजूरच्या गणपतीला जाणाऱ्या पायी माणसांच्या मधून हॉर्न वाजवत जाणाऱ्यांना तर काय सांगावं? तिथे गाडी बंद करून हातानं ढकलत नेली तरी देव पावतो.

सगळा भार मोटारसायकलवाल्यावरच टाकणंही बरोबर नाही. ट्रॉलीच्या मागे लाल चमकपट्टी लावायला फार पैसे लागत नाहीत. तोड्याच्या दिवसांत माल भरणारी वाहनं रस्त्याच्या एकाच बाजूला लावायची, असं ग्रामपंचायत आणि व्यापाऱ्यांनी मिळून ठरवलं तर निम्मी कोंडी तिथेच सुटेल. ट्रॅक्टरवाल्यांनीही मागे चार-पाच गाड्या साचल्या की रुंद जागा बघून मिनिटभर बाजूला घ्यावं. आपलंच पोरगं कधी त्या मागच्या गाडीवर असतं.

घरात नवी मोटारसायकल आली असेल, तर चावी पोराच्या हातात देण्याआधी त्याला एकदा भरलेल्या ट्रॉलीच्या मागे उभं करा आणि ती वळताना किती आत घेते ते डोळ्यांनी पाहू द्या.