दक्षिण व मध्य मुंबईतील घरगुती पाणीबचत

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या मुंबईच्या जुन्या वस्त्यांमध्ये पाण्याची काटकसर मुख्यतः नळाच्या वेळेमुळे रुजली. नळाला पाणी ठरावीक तासच येत असल्याने चाळींतील घरांत ते मोजून भरले आणि मोजून वापरले जाई. चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहू लागल्या, गच्चीवरच्या टाकीमुळे नळ दिवसभर वाहू लागला आणि ही सक्तीची शिस्त ओसरली.

पाण्याचा उगम

मुंबईला १८६० मध्ये विहार, १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा तलावाचे पाणी मिळू लागले. आज शहर सात जलाशयांवर अवलंबून आहे. त्यांपैकी भातसा व तानसा ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते, ही गोष्ट मुंबईत सहसा नजरेआड होते. पाऊस लांबला की शहरातही कपात होते. २०२४ मध्ये ३० मेपासून ५ टक्के व ५ जूनपासून १० टक्के कपात लागू झाली होती.

चाळीतील वापर

१९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची असून शौचालये सामाईक होती. अशा खोलीत पिंप, हंडे व कळशा यांत मावेल तेवढेच पाणी घरचे. त्यामुळे एकच पाणी दोनदा वापरले जाई : तांदूळ-डाळ धुतलेले पाणी गॅलरीतल्या तुळशीला, कपडे खळबळलेले पाणी मोरी किंवा जिना धुण्यास.

याच घरांत एक उलटी सवयही होती व आजही आढळते. नळ आला की आदल्या दिवशीचे पाणी ‘शिळे’ म्हणून ओतून दिले जाते. एरवी तांब्या-तांब्याचा हिशेब ठेवणारे घर त्या क्षणी अर्धे पिंप मोरीत सोडते. वास्तविक स्वच्छ, झाकलेल्या भांड्यातील पालिकेचे निर्जंतुक केलेले पाणी एका दिवसात खराब होत नाही. पिण्यास नको वाटल्यास ते धुण्याभांड्यांस वापरता येते. मात्र डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून आतून घासणे आवश्यक ठरते.

नव्या इमारतींमधील वापर

शहरी पुरवठ्यासाठी दरडोई, दररोज १३५ लिटर हा मानदंड धरला जातो. जुन्या पद्धतीच्या फ्लशमध्ये एका वेळी दहा लिटरहून अधिक पाणी जाते. दोन बटणांच्या टाकीत ३ किंवा ६ लिटर पुरते.

आरओ यंत्राने पाणी शुद्ध करताना बराच भाग सांडपाणी म्हणून बाहेर पडतो. मुंबईचे पाणी तलावाचे असल्याने त्यात क्षार कमी असतात, शिवाय २०१९ मध्ये भारतीय मानक ब्युरोच्या चाचणीत येथील नळाचे नमुने सर्व निकषांवर उतरले होते. इमारतीची टाकी स्वच्छ असेल तर या यंत्राची गरज येथे क्वचितच भासते. यंत्र असल्यास त्याचे सांडपाणी लादी पुसण्यास चालते.

बाग, विहिरी आणि पाऊस

कुंड्यांना सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर पाणी घातल्यास बाष्पीभवन कमी होते. मातीवर सुकी पाने किंवा नारळाच्या शेंड्या पसरल्यास ओल अधिक टिकते. साबणाचे पाणी झाडांना घालू नये.

मोठ्या बागेसाठी जुना स्रोत विहिरीचा. गिरगावातील वाड्यांत पूर्वी विहिरी होत्या. डॉ. बेंटली यांच्या १९११ च्या हिवतापविषयक अहवालानंतर शहरातील अनेक विहिरी डासांमुळे बुजवण्यात किंवा झाकण्यात आल्या. उरलेल्या विहिरींचे पाणी तपासणीशिवाय पिण्यास योग्य मानता येत नाही, पण बाग व फ्लशसाठी ते उपयोगी पडते.

मुंबईत वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे १०० चौरस मीटर गच्चीवर सुमारे २ लाख लिटर. १३५ लिटरच्या हिशेबाने पाच माणसांना ते नऊ महिन्यांहून अधिक पुरेल. अडचण अशी की हा पाऊस बहुतांशी चार महिन्यांत पडतो, तेव्हा बागेला पाणी नको असते आणि एवढी टाकी बांधण्यास जागाही नसते. म्हणून गच्चीचे पाणी गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडणे अधिक व्यवहार्य ठरते. दादरच्या शिवाजी पार्क मैदानातही पावसाचे पाणी जिरवण्यासाठी विहिरी खोदण्यात आल्या आहेत. धूळ बसवण्यासाठी मैदानावर ते पाणी शिंपडावे, असा त्यामागील हेतू आहे.