रोजचंच नवल (भाग ७) : मोरीतला तवंग

गेल्या आठवड्यात आपण उतू जाणाऱ्या दुधापाशी थांबलो होतो. आज ते पातेलं घासायला घेऊ.

ओशट भांड्यात पाणी ओतलं की वर तेलाचा तवंग पसरतो. साबणाचा हात लागला की तो फाटून कडेला पळतो. आपण हे रोज बघतो आणि मोरीत ओतून देतो. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये आग्नेस पॉकेल्स या मुलीला मात्र ते ओतून देववेना. जन्म १८६२ चा. भौतिकशास्त्राची विलक्षण ओढ, पण विद्यापीठाचं दार तेव्हा मुलींना बंद. वाट्याला आलं घरकाम आणि आजारी आईवडिलांची शुश्रूषा. धाकटा भाऊ भौतिकशास्त्र शिकत होता, त्याच्याकडून पुस्तकं मिळत. (‘स्वयंपाकघरातली शास्त्रज्ञ’ असं तिचं कौतुक होतं, ते मला खटकतं. स्वयंपाकघर तिने निवडलेलं नव्हतं.)

तिने पत्र्याचं एक लांबट, उथळ भांडं काठोकाठ भरलं आणि त्यावर पत्र्याची पट्टी आडवी टाकली. पट्टी सरकवली की पृष्ठभाग लहानमोठा होई, तवंग दाटे किंवा विरळ होई. पाण्याला टेकलेली बटणाएवढी चकती वर ओढायला किती जोर लागतो, हे ती तराजूने मोजी. हाच पृष्ठताण. तवंग विरळ असेपर्यंत तो जवळपास शुद्ध पाण्याइतकाच राही. मात्र जागा आवळत नेली की एका ठरावीक टप्प्यावर तो एकदम घसरू लागे. त्या टप्प्यावर तेलाचे रेणू खांद्याला खांदा लावून उभे असतात आणि थर फक्त एका रेणूच्या जाडीचा असतो, हे पुढे उमगलं.

जानेवारी १८९१ मध्ये तिने हे सारं भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेले यांना जर्मनमध्ये लिहून कळवलं. त्यांच्या पत्नीने पत्राचा अनुवाद केला, आणि रेले यांनी तो ‘नेचर’कडे पाठवला. १२ मार्चच्या अंकात तो छापून आला. तिच्या भांड्याचीच सुधारलेली आवृत्ती अर्व्हिंग लँगम्यूर यांनी वापरली. पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी त्यांना १९३२ मध्ये नोबेल मिळालं. त्याच वर्षी आग्नेसबाईंना त्यांच्याच गावच्या तंत्रविद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली.

कुतूहल जोपासा, असा सल्ला हल्ली उठसूट मिळतो. पण नुसतं नवल वाटण्यात फारसं कर्तृत्व नाही. ते भांडं विसळेपर्यंतही टिकत नाही. ‘का?’ हा प्रश्न मोठा खरा, पण तो विचारून माणूस बहुधा पुन्हा आपल्या कामाला लागतो. ‘किती?’ विचारलं की मात्र हातात काहीतरी घ्यावंच लागतं.

तर एका ताटलीत पाणी घ्या, वर मिरपूड भुरभुरा आणि मधोमध साबणाचं बोट टेकवा. पूड झर्रकन कडेला जाईल. मग पाणी न बदलता पुन्हा पूड टाकून तेच करा. दुसऱ्या खेपेला काय झालं, ते लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात तिथूनच सुरुवात करू.