धावपट्टी म्हणजे विमानतळ नव्हे

मी कामगार चळवळीतला माणूस. विमानविद्या शिकलेलो नाही. पण २८ जानेवारी २०२६ रोजी बारामतीला उतरताना लिअरजेट ४५ जातीचे लहान जेट विमान कोसळले, उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह पाच जण गेले, आणि डोंबिवलीतले कामगार मला विचारू लागले : चूक कोणाची? तेव्हा वाचून जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

नेवाळीची धावपट्टी कल्याणकरांना ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन ती केली. त्या जमिनींवरून २०१७ च्या जूनमध्ये आंदोलन पेटले. पण असा पट्टा म्हणजे विमानतळ नव्हे. विमान उतरवायला जमिनीवर माणसे आणि उपकरणे लागतात.

विमान साधारण ३ अंशांच्या उताराने खाली येते. धावपट्टी १ किलोमीटरवर राहिली की उंची उरते सुमारे ५० मीटर. मोठ्या विमानतळावर जमिनीवरून रेडिओलहरी सोडलेल्या असतात. विमान डावी-उजवीकडे सरकले की वरखाली झाले, हे त्यांवरून वैमानिकाला ढगाधुक्यातही समजते. बारामतीला ही सोय नव्हती. तिथे धावपट्टी डोळ्यांनी पाहूनच उतरायचे. अशा उड्डाणाला आपल्या नियमाने ५ किलोमीटरपर्यंतचे दिसावे लागते. त्या सकाळी वैमानिकांना सांगण्यात आली ती दृश्यता ३ किलोमीटर, असे सरकारने जाहीर केले.

आता हिशेब करा. ३ किलोमीटर म्हणजे ठाणे स्टेशनापासून मुलुंड स्टेशनाइतके अंतर. उतरणाऱ्या जेटचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटर धरला, तर हे अंतर ४८ सेकंदांत संपते. तेवढ्यात धावपट्टी शोधायची, विमान तिच्या रेषेत आणायचे, नाही जमले तर वर न्यायचे. पहिल्या खेपेस धावपट्टी दिसली नाही म्हणून विमान वर नेले होते. (यात कमीपणा काहीच नाही, ते शहाणपणच.) दुसऱ्या खेपेस ते कोसळले.

रेडिओवर माहिती देणारे कोण? कायमचे सरकारी नियंत्रक नव्हेत. ते काम तिथल्या वैमानिक-प्रशिक्षण संस्थांची माणसे करीत. त्याच परिसरात ऑक्टोबर २०२३ मध्ये चार दिवसांत दोन शिकाऊ विमाने पडली होती.

त्या वैमानिकांचा निवाडा मी करणार नाही. तपास करणारे वेगळे आहेत. पण ‘मानवी चूक’ हा शब्द मला जुना ओळखीचा. कारखान्यात प्रेसखाली बोटे गेली की चौकशीच्या कागदावर पहिले वाक्य पडते, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. प्रेसचा गार्ड कोणी काढला, कोणाच्या हुकुमाने, उत्पादन वाढवण्याची घाई कोणाला होती, हे दुसऱ्या पानावर यायचे. आणि पुष्कळदा दुसरे पानच नसते. माणूस चुकतो हे धरूनच तर गार्ड बसवायचा असतो! धावपट्टीवरचे नियंत्रक, हवामानखात्याचा माणूस, रेडिओलहरींची यंत्रणा हे वैमानिकाचे गार्डच होत.

अपघातानंतर लगोलग नियंत्रण व हवामानाच्या कामासाठी वायुदलाची तुकडी बारामतीला धाडण्यात आली. म्हणजे माणसे आणता येत होती. लातूर, यवतमाळ, धुळे येथेही धावपट्ट्या आहेत. तिथे हवामान कोण सांगतो, त्याची नेमणूक कोणाची, आणि ‘आज उतरू नका’ असे पुढाऱ्याच्या विमानाला म्हणण्याचा अधिकार त्याला आहे काय, हे तिथल्या आमदारांना लेखी विचारावे.